डुक्कर का मोजाले उभं राह्यते?

१५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि आठवडाभरात बाबांची दुनळी जमा करायला आम्ही अनसिंगच्या पोलीस ठाण्यात गेलो. मोटारसायकल मी चालवत होतो. मागे बाबा, चौऱ्यांशी वर्षांचे, जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीने बांधलेली बंदूक मांडीवर उभी धरून बसलेले. दर निवडणुकीला जिल्ह्याची छाननी समिती बसते आणि ज्यांना बंदूक जमा करायला सांगते त्यांनी ती आणून द्यायची. बाबांना आता हे पाठ झालं आहे. ठाण्यात त्यांनी चादर सोडली, खटका दाबून बंदूक मधोमध मोडली आणि नळ्यांची मागची तोंडं शिपायापुढे धरली. त्याने एक डोळा मिटून उजेडाकडे पाहिलं. दोन नळ्या, उजेडाची दोन वर्तुळं. बंदूक रिकामी. परवान्यावरचा नंबर नळीवरच्या नंबराशी जुळला, पावती मिळाली.

पावती खिशात घालताना फोन पाहिला तर टेक्सासहून भाच्याचा निरोप येऊन पडलेला. तिकडे तो ऑफिसातल्या मित्रांसोबत नेमबाजीच्या रेंजवर जायला लागला आहे, आणि आता स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतो आहे. प्रश्न असा : ‘मामा, मॅगझिन दहाचं घेऊ, विसाचं, की तीसचं? आबाजींना विचारून सांगा.’

चहाच्या टपरीवर बसून बाबांना, म्हणजे त्याच्या आबाजींना, विचारलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “तीस गोया? कायले रे बापू? डुक्कर का मोजाले उभं राह्यते काय?”

मी हे जसंच्या तसं कळवलं. त्याचं उत्तर संध्याकाळी आलं : ‘मामा, इथे डुकरांसाठीच तीसचं घेतात.’

दोघांचंही खरं आहे. दोघं एकाच जनावराबद्दल बोलत होते आणि आकडा मात्र एवढा वेगळा. तो का वेगळा, हे शोधताना मला बंदुकीपेक्षा शिवाराबद्दल जास्त कळलं. पण आधी बंदुकीचं सांगतो, कारण आपल्याकडे सिनेमामुळे सगळ्याच लांब नळ्यांना ‘मशीनगन’ म्हणायची सवय आहे.

सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. ती सुटताना जो वायू किंवा धक्का तयार होतो, त्याच्याच जोरावर रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं आणि पुढचं काडतूस नळीच्या मागे येऊन बसतं. माणसाने फक्त बोट सोडून पुन्हा ओढायचं. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ती पूर्ण स्वयंचलित, ती सैन्याची. आणि ज्या डबीतून ही काडतुसं एकामागून एक वर येतात तिचं नाव मॅगझिन. हा शब्द मूळचा अरबी, ‘मखझन’ म्हणजे कोठार. आमच्याकडे विहिरीचे सुरुंग लावणारे लोक स्फोटकांच्या कोठीला आजही मॅगझिनच म्हणतात. १७३१ मध्ये लंडनच्या एका प्रकाशकाने आपल्या मासिकाला ‘जंटलमन्स मॅगझिन’ असं नाव दिलं तेही माहितीचं कोठार याच अर्थाने, आणि तेव्हापासून बिचारी मासिकं दारूगोळ्याच्या पंगतीत बसलेली आहेत.

डबी वरून दिसते तेवढी साधी नसते. तळाशी स्प्रिंग, तिच्यावर काडतुसं वर ढकलणारी फळी, आणि तोंडाशी आत वळलेले पत्र्याचे दोन ओठ. ते ओठ वरच्या काडतुसाला अडवून धरतात आणि नेमक्या कोनात पुढे सोडतात. बंदूक अडकली की लोक बंदुकीला शिव्या देतात, पण पुष्कळदा दोष या ओठांचा असतो. डबी हातातून फरशीवर पडली, ओठ केसाएवढा वाकला, की काडतूस तिरकं शिरतं. डबी जितकी लांब तितकी स्प्रिंग लांब, आणि काठोकाठ भरली की शेवटची दोन काडतुसं अंगठा दुखेपर्यंत दाबावी लागतात. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिक विसाच्या डबीत अठराच भरत, ते याच धास्तीने. काडतूस मागे जाड आणि पुढे किंचित निमुळतं असतं. दहा-वीस एकावर एक रचली तर रास सरळ वाटते, तीस रचली की ती केळ्यासारखी वळते. एके-४७ ची डबी बाकदार असते ती दिसायला छान म्हणून नाही, तिचं काडतूस जास्तच निमुळतं आहे म्हणून.

भाच्याने घ्यायला काढली होती त्या .२२३ जातीचं एक काडतूस साधारण बारा ग्रॅमचं. तीस म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या वर, शिवाय डबीचं वजन. पण वजनापेक्षा मोठी अडचण निराळीच आहे. रेंजवर मेजाशी बसून किंवा पालथं पडून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून नेम धरतात. तीसची डबी खाली इतकी लोंबते की ती मेजाला टेकते, रायफल उचलली जाते आणि नेम धरणाऱ्याची मान अवघडते. दहाची डबी आड येत नाही. शिवाय कागदावर नेम तपासायचा तो पाच-पाच गोळ्यांच्या घोळक्याने. पाच गोळ्या मारा, दुर्बिणीतून भोकं पाहा, दर्शकाचा स्क्रू एक-दोन खटके फिरवा, पुन्हा पाच. तीस भरलेल्या असल्या की हात थांबत नाही आणि कागद चाळणी होतो, त्यातून काही शिकायला मिळत नाही. रेंजच्या कामापुरतं माझं मत भाच्याला मी तेव्हाच कळवून टाकलं : दहा.

डुकरांचं मात्र एवढ्यावर मिटत नव्हतं.

टेक्सासातली डुकरं तिथली मूळची नाहीत. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं रानात सुटली, पुढे शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, दोन्हींची सरमिसळ झाली. आज ती तिथे उपद्रवी परकी जात मानली जाते. मारायला हंगामाचं बंधन नाही. २०११ पासून तर जमीनमालकाच्या संमतीने हेलिकॉप्टरमधून मारायलाही कायद्याने मोकळीक आहे. हजारो एकरांची खासगी कुरणं, मधे चिटपाखरू नाही, कळप उघड्यावर पळतो आहे, अशा ठिकाणी तीसची डबी कामाची वाटणारच. आणि तरीही तिथले वन्यजीव तज्ज्ञ सांगतात की संख्या नुसती जागेवर ठेवायची तर दरवर्षी साधारण दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतील, आणि बंदुकीने ते होत नाही. चार मारली की उरलेली शहाणी होतात, पांगतात, रात्रीची हिंडू लागतात. म्हणून सगळा कळपच्या कळप एकदम कोंडणारे मोठे पिंजरे ते जास्त उपयोगाचे मानतात. म्हणजे डुक्कर मोजायला उभं राहत नाही, हे तिथेही तितकंच खरं.

आता आमचं अनसिंग. वाशीम-पुसद रस्त्यावरचं, शृंगऋषींच्या मंदिराचं मोठं गाव. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. वावरं दोन एकरांची, चार एकरांची, धुऱ्याला धुरा लागलेली. सोयाबीनच्या शेंगा भरल्या की रानडुकरं येतात, तूर फुलली की रोही, म्हणजे नीलगाय, येतो, हरभरा उगवला की दोन्ही येतात. डुक्कर खातं त्यापेक्षा उकरून नासवतं जास्त, आणि दोनशे किलोंचा रोही नुसता आडवा चालत गेला तरी तासंच्या तासं मोडतात. मग जागल आली. मचाणावर कोणी टॉर्च घेऊन, कोणी पत्र्याचा डबा बडवत, कोणी सुतळी बॉम्ब घेऊन. तुरीच्या रात्रींत आमच्या धुऱ्यावरून पाहिलं तर चहूबाजूंनी टॉर्च लुकलुकताना दिसतात. प्रत्येक टॉर्चमागे एक माणूस असतो, आणि टॉर्च विझवून घोंगडीत झोपलेले किती असतात ते दिसत नाही.

अशा ठिकाणी बंदुकीत किती गोळ्या असाव्यात? १९५९ चा शस्त्र अधिनियम करणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसतो. कायद्यात डबीतल्या गोळ्यांचा आकडा नाही, पण बंदुकीची जात सांगून त्यांनी आकडा ठरवूनच टाकला. कलम १३ म्हणतं, पीकरक्षणासाठी खरोखर गरज असेल तर परवाना द्यायचा तो तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्या भरमार किंवा ठासणीच्या बंदुकीचा. तेवढ्याने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, गजाने ठासायचं, मग मागे टोपी बसवायची आणि घोडा चढवायचा. सरावलेल्या हातालाही यात मिनिटभर जातं. कळप तोवर पलीकडच्या शिवारात पोचलेला असतो. थोडक्यात, कायद्याचा पहिला आकडा एक. अधिकाऱ्याची खात्री पटली तर बाबांसारखी दुनळी, म्हणजे दोन.

गुळगुळीत नळीचा आग्रह मला आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यांनी गोळी गरगरत लांबवर सरळ जाते. .२२ ची चिमुकली गोळी, अडीच ग्रॅमच्या आसपासची, तीसुद्धा चुकली तर दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. मधे किती मचाणं येतात ते अनसिंगच्या माणसाने मोजून पाहावं. बारा बोअरच्या काडतुसातल्या जाड गोळ्या त्या मानाने लवकर दमतात. बारा बोअर हा आकडाही मजेचा आहे : नळीच्या आत बरोबर बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. आमच्या घरी जी काडतुसं आहेत ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना १८६९ पासूनचा. काडतुसं किती बाळगायची आणि वर्षात किती विकत घ्यायची हेसुद्धा परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि बाबांनी त्या मर्यादेच्या निम्मीही कधी आणलेली मला आठवत नाहीत.

दुनळीला दोन चाप असतात. पुढचा ओढला की उजवी नळी उडते, मागचा ओढला की डावी. डाव्या नळीचं तोंड बहुधा किंचित आवळलेलं असतं, म्हणजे छर्रे कमी पसरतात. पहिला बार जवळच्या जनावरासाठी, तोवर ते लांब गेलं तर दुसरा. दोन या आकड्यामागे एवढा हिशेब आहे. बाबा दुसरी नळी भरतच नाहीत. विचारलं तेव्हा म्हणाले, पहिला बार ऐकून डुकरं पळतात आणि माणसं उठून उभी राहतात. दुसरा बार कोणावर जाईल ते अंधारात दिसत नाही. त्यांच्या बंदुकीने गेल्या वीस वर्षांत एकही जनावर मेलेलं नाही. तिचं काम आवाजाचं आहे. तसं मारायचंही सोपं नाही. रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत, आणि उभ्या पिकाचं नुकसान होत असलं तरी अधिकार असलेल्या वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय चाप ओढणारा शेतकरी स्वतःच आरोपी होतो.

राहिली भाच्याची ती रायफल. ती घेऊन तो उद्या अनसिंगला आला तर? येऊच शकणार नाही. शस्त्र नियमांच्या यादीत सेमी-ऑटोमॅटिक रायफल पहिल्याच वर्गात, प्रतिबंधित शस्त्रांमध्ये आहे. जिल्हाधिकाऱ्याच्या हातात तिचा परवाना नाही. २०१९ च्या दुरुस्तीने प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगण्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त चौदा वर्षं केली. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या आणि लग्नात-वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केली. हौशी माणसाला सरकारी कारखान्याची .३१५ ची रायफल मिळू शकते. पण तिचा बोल्ट दर गोळीला हाताने मागे-पुढे करावा लागतो आणि डबी पाचाची. हा .३१५ आकडा इंग्रजी राजवटीतल्या संशयातून आलेला आहे. सैन्याची रायफल .३०३ ची, डबी दहाची. सैन्याचं काडतूस चोरून नागरिकाच्या बंदुकीत बसू नये म्हणून नागरिकाला वेगळ्या मापाची नळी दिली. इंग्रज गेले, माप राहिलं.

जगात इतरत्र हा आकडा मुख्यतः हत्याकांडांनंतर बदलत आला आहे. अमेरिकेत १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या डब्या विकायला केंद्राची बंदी होती. मुदत संपली आणि ती गेली. कॅलिफोर्नियात दहाची मर्यादा राहिली, टेक्सासात नाही. कॅनडात सेमी-ऑटोमॅटिक रायफलींच्या बहुतेक डब्यांना पाचाची मर्यादा, त्यामुळे तिथे तीसची डबी दुकानात दिसली तरी आत रिव्हेट ठोकलेली असते, सहावी गोळी जातच नाही. न्यूझीलंडने मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेल्यावर महिन्याभरात बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवरच बंदी घातली. एक नियम मात्र पक्ष्यांसाठी झाला, आणि तो मला फार आवडतो. अमेरिकेत स्थलांतरित बदकांच्या शिकारीला बंदुकीत तीनच काडतुसं चालतात, म्हणून जास्त मावणाऱ्या बंदुकीच्या पोटात शिकारी लाकडाची दांडी घालून जागा बुजवतात. माणसांसाठी डबी केवढी असावी यावर त्या देशात अजून भांडण चालू आहे. बदकांचा प्रश्न तिथे १९३० च्या दशकातच सुटला.

ज्यांचा सगळा जन्म नेम धरण्यात जातो ते काय करतात, हे बघायला दूर जावं लागत नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात पात्रता फेरीत गुडघ्यावर वीस, पालथं पडून वीस आणि उभं राहून वीस अशा साठ गोळ्या असतात. ५० मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या गुंडीएवढा. आणि रायफलीत गोळ्या किती? एक. प्रत्येक गोळी हाताने ठेवायची, बोल्ट लावायचा, श्वास सोडायचा. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पालथं पडून जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही एकेक गोळी भरूनच. राही सरनोबतच्या २५ मीटर पिस्तुलाला डबी असते, कारण तिथे दुसऱ्या टप्प्यात तीन सेकंद लक्ष्य समोर येतं, सात सेकंद जातं, पुन्हा येतं, असं पाच वेळा. म्हणून डबीत पाच, सहावी घालायची नाही. बर्फावर घसरत जाऊन नेम मारायच्या बायॲथलॉनमध्येही लक्ष्यं पाच आणि डबी पाचाची. रिलेत तीन जादा गोळ्या मिळतात खऱ्या, पण त्या डबीतून नाही, गारठलेल्या बोटांनी एकेक भरायच्या. हे मी भाच्याला कळवलं तेव्हा त्याने अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. दहाची डबी घेतल्याचं आठवड्याने कळलं. तीसची एक ‘असू द्यावी म्हणून’ घेतली, हे त्याच्या आईकडून कळलं.

२३ नोव्हेंबरला निवडणुकीचा निकाल लागला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पावती दाखवून आम्ही दुनळी परत आणली. मधल्या महिन्यात डुकरांनी हरभऱ्याचा ओढ्याकडचा कोपरा उकरून टाकला होता. पंचनामा झाला. बाबांनी चादर सोडून दोन्ही नळ्यांतून तेलाची चिंधी ओढली, बंदूक कुलपात ठेवली आणि मला कुंपणाच्या झटका मशीनची बॅटरी तपासायला वावरात पिटाळलं. बॅटरी उतरली होती, तारेवर तुरीची एक फांदी टेकली होती. फांदी छाटली, बॅटरी चार्जिंगला गावात आणली. रात्री परत जोडली तेव्हा डबीतून तो ठरावीक टक्-टक् आवाज येऊ लागला, आणि पलीकडच्या धुऱ्यावरून कोणीतरी टॉर्च माझ्या तोंडावर मारून ओरडलं, “कोन हाय रे?”